बागेखालचे पाइप नकाशावर : शहरातल्या सिंचनाला जीआयएस कशासाठी लागतं?

सार्वजनिक बागेच्या एका टोकाला डबकं साचलेलं असतं आणि थोड्याच अंतरावर हिरवळ करपून पिवळी पडलेली असते. पालिकेकडे दोन तक्रारी जातात. एक म्हणते, पाणी वाया जातंय. दुसरी म्हणते, इथे पाणीच मिळत नाही. दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या नोंदल्या जातात आणि बऱ्याचदा दोन वेगवेगळी माणसं त्या बघायला जातात. डबक्यापाशी गेलेला चिखल उपसून पाइप शोधत बसतो. करपलेल्या हिरवळीपाशी गेलेला तिथल्या पाण्याची वेळ दहा मिनिटांनी वाढवून देतो.

आता खरी अडचण बघा. ही दोन्ही ठिकाणं पुष्कळदा एकाच पाइपवर असतात. पाइप मध्ये फुटला की पाणी तिथूनच बाहेर पडतं, पुढच्या फवाऱ्यांना दाब मिळत नाही, ते जेमतेम ठिबकतात आणि त्यांच्याभोवतीचं गवत वाळतं. म्हणजे दोन तक्रारी, पण बिघाड एक. अशा वेळी वाढवलेली दहा मिनिटं गवताच्या वाट्याला फारशी येतच नाहीत, ती डबक्यात जातात. दोन्ही जागा एकाच पाइपवर आहेत हे ज्याला दिसतं तोच नेमका उपाय करू शकतो. आणि पाइप तर जमिनीखाली.

उद्यानं, मैदानं, रस्त्यांचे दुभाजक यांच्या संदर्भात ‘जीआयएस मॅपिंग’ हा शब्द बातम्यांत आणि निविदांत वरचेवर दिसतो. त्यामागचं साधं कारण हेच आहे.

जीआयएस म्हणजे काय?

जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. नकाशा आणि नोंदवही एकमेकांना कायमची जोडलेली असतात, अशी संगणकीय व्यवस्था. कागदी नकाशावर व्हॉल्व म्हणजे एक ठिपका. इथे त्या ठिपक्यावर बोट ठेवलं की तो व्हॉल्व किती इंची आहे, कधी बसवला, शेवटचा कधी उघडला, कशासाठी उघडला, हे सगळं समोर येतं. उलटंही करता येतं. ‘गेल्या वर्षभरात तीनपेक्षा जास्त वेळा दुरुस्त झालेले व्हॉल्व दाखव’ असं विचारलं की नकाशावर तेवढेच ठिपके उजळतात.

ही कल्पना नवी नाही. १९६०च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडा सरकारसाठी अशी पहिली मोठी प्रणाली उभी केली, ती देशभरातल्या जमिनीचा वापर आणि क्षमता नोंदवण्यासाठी. तेव्हा त्याला मोठाले संगणक लागत. आज तेच काम हातातल्या फोनवर होतं.

दवाखान्यातल्या केसपेपरसारखं याचं आहे. केसपेपर नसेल तर दर वेळी नवा डॉक्टर नव्याने सगळं विचारतो, त्याच तपासण्या पुन्हा करतो. सिंचनाच्या बाबतीत ‘पुन्हा तपासणी’ म्हणजे पुन्हा खोदाई.

जमिनीखाली असतं तरी काय?

मुख्य वाहिनी असते, तिच्यात बहुधा सतत दाबाखाली पाणी असतं. तिच्यावर व्हॉल्व असतात. प्रत्येक व्हॉल्वच्या पुढे छोट्या पाइपांचं एक जाळं, आणि त्यावर फवारे किंवा ठिबकचे ड्रिपर. एका व्हॉल्वने जेवढा भाग भिजतो त्याला झोन म्हणायचं. व्हॉल्व हाताने फिरवायचे असतील तर गोष्ट इथेच संपते. स्वयंचलित असतील तर कंट्रोलर नावाची पेटी असते, तिच्यातून प्रत्येक व्हॉल्वपर्यंत वायर गेलेली असते आणि साधारणपणे २४ व्होल्टचा प्रवाह आला की व्हॉल्व उघडतो.

म्हणजे जमिनीखाली जाळी दोन आहेत, एक पाण्याचं आणि एक विजेचं. बहुतेक नकाशांत दुसरं जाळं काढलेलंच नसतं, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. झोन सुरू होत नाही, तेव्हा दोष व्हॉल्वमध्ये आहे की वायरीत, हा पहिला प्रश्न असतो. कंट्रोलरपाशीच मल्टिमीटर लावून रोध मोजता येतो. तो साधारण २० ते ६० ओहमच्या दरम्यान आला तर व्हॉल्व उघडणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, आणि वायर दोन्ही बहुधा ठीक आहेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर वायर कुठेतरी तुटली आहे किंवा कॉइल जळली आहे. इथपर्यंत नकाशा लागत नाही. पण पुढे? वायर तुटते ती पुष्कळदा जोडापाशी, पाणी शिरून. जोड कुठल्या पेटीत आहेत हे नकाशावर असेल तर फिटर थेट तिथे जातो. नसेल तर शंभर मीटर चर उकरण्याची वेळ येते.

एका व्हॉल्वची नोंद

समजा, एका दुभाजकातला व्हॉल्व आहे. चांगल्या नोंदीत त्याचा क्रमांक असतो, आणि तोच क्रमांक पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. व्यास, प्रकार, कुठल्या कंपनीचा, कंट्रोलरचा कितवा स्टेशन क्रमांक (म्हणजे पेटीवरचा त्या व्हॉल्वचा क्रमांक) त्याला जोडला आहे, झोनमध्ये किती आणि कुठले फवारे आहेत, सगळं नीट चालू असताना मिनिटाला किती लिटर पाणी जातं, पेटीची खोली किती, झाकण मातीने बुजतं का. आणि दोन फोटो : एक झाकण उघडून आतला, एक लांबून, आजूबाजूचा खांब किंवा भिंत दिसेल असा.

लांबून काढलेला फोटो फार मोलाचा असतो. बारा महिन्यांत गवत झाकणावरून पसरतं. तेव्हा अक्षांश-रेखांशांपेक्षा ‘दिव्याच्या खांबापासून सरळ रेषेत, कठड्याला लागून’ हे डोळ्यांना लवकर सापडतं.

नुसत्या रेषा काढून भागत नाही

चित्र म्हणून काढलेला नकाशा आणि जीआयएसमधलं जाळं यांत एक बारीक पण महत्त्वाचा फरक आहे. चित्रात दोन रेषा एकमेकींना टेकलेल्या दिसल्या की आपल्याला त्या जोडलेल्या वाटतात. संगणकाला तसं वाटत नाही. दोन रेषांच्या टोकांमध्ये वीतभर जरी फट राहिली तरी त्याच्या लेखी तिथे पाइप तुटलेला आहे. उलट, एकमेकांवरून जाणारे पण न जोडलेले दोन पाइप चुकून जोडले गेले तर संगणक पाणी भलत्याच दिशेने वाहवतो.

म्हणून टोकं नेमकी जुळवावी लागतात. एकदा ती जुळली की नकाशाला खरा प्रश्न विचारता येतो : या जागी पाइप फुटला तर कुठले व्हॉल्व बंद करू, आणि ते बंद केल्यावर कुठला कुठला भाग कोरडा राहील? मुख्य वाहिनी फुटलेली असताना हे उत्तर एका मिनिटात मिळणं आणि दीड तासाने मिळणं यात किती पाणी रस्त्यावर वाहून जातं, ते वेगळं सांगायला नको. फुटलेली वाहिनी सोडाच, मिनिटाला १० लिटरची एक साधी गळती दिवसाला १४,४०० लिटर पाणी घालवते.

जमिनीचा चढउतारही याच नकाशात घालता येतो. १० मीटर उंचीच्या फरकाने दाबात साधारण एका बारचा फरक पडतो. टेकडीवरच्या बागेत वरचे फवारे मरगळलेले आणि खालचे धुक्यासारखे उडणारे असतील, तर दर वेळी बिघाडच शोधायची गरज नसते. तसंच, पाणी बंद केल्यावरही सर्वांत खालच्या फवाऱ्यातून बराच वेळ पाणी झिरपत राहतं. लोक त्याला गळती समजतात, फिटर व्हॉल्व बदलतो आणि झिरपणं तसंच चालू राहतं. खरं तर तो झोनच्या पाइपांत वरच्या भागात उरलेल्या पाण्याचा निचरा असतो. त्यावर उपाय म्हणजे फवाऱ्यात पाणी अडवून धरणारी छोटी झडप. उंचीच्या रेषा आणि झोन एकाच नकाशावर दिसले की हे लगेच लक्षात येतं.

‘पाइप प्लास्टिकचे. खोदल्याशिवाय कळणार कसे?’

रास्त शंका आहे. धातूचा पाइप जमिनीवरून यंत्राने हुडकता येतो, प्लास्टिकचा पाइप तसा संकेत देत नाही. पण पाइपासोबत वायर टाकलेली असेल तर त्या वायरीत संकेत सोडून तिचा माग काढता येतो. म्हणूनच नव्या कामात प्लास्टिक पाइपाच्या बरोबरीने एक तांब्याची माग-वायर पुरून ठेवतात. झोनच्या व्हॉल्वच्या वायरी त्याच चरात असतील तर त्याही कामाला येतात. जमिनीत रडार लहरी सोडून बघायचं तंत्रही आहे, पण ओल्या चिकणमातीत ते लवकर हात टेकतं. आणि बागेची माती ओलीच असते.

मग सगळं अचूक कळणार नाही, हे मान्य करून पुढे जायचं. इथे अमेरिकेच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सने, फार उपयोगी रीत घालून दिली आहे. त्यांचं मानक २००२ मध्ये आलं आणि २०२२ मध्ये सुधारलं गेलं. जमिनीखालच्या प्रत्येक वाहिनीची माहिती किती भरवशाची आहे, त्यानुसार तिला चारपैकी एक दर्जा द्यायचा. फक्त जुन्या कागदांवरून किंवा कुणाच्या सांगण्यावरून काढलेली रेषा सर्वांत खालच्या दर्जाची. पेट्या, मीटर अशा वर दिसणाऱ्या वस्तू मोजून, त्यांच्या आधाराने काढलेली रेषा त्याच्या वर. यंत्राने माग काढलेली आणखी वर. प्रत्यक्ष खोदून, डोळ्यांनी पाहून, खोलीसकट मोजलेली जागा सर्वांत वरच्या दर्जाची.

सिंचनाच्या नकाशात हे दर्जे सक्तीचे करावेत असं मला मनापासून वाटतं. सगळ्या रेषा सारख्याच ठसठशीत निळ्या दिसल्या की जेसीबीवाला सगळ्यांवर सारखाच विश्वास ठेवतो. ऐकीव रेषा तुटक आणि पाहिलेली रेषा सलग, एवढा एक फरक केला तरी पुढच्या खोदाईत पाइप वाचतात.

‘मोबाइलवर लोकेशन टाकलं की झालं ना?’

मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचं लोकेशन साधारण ५ मीटरच्या आत बरोबर असतं. झाडांखाली किंवा उंच इमारतींच्या कडेला ते आणखी हलतं, आणि सिंचन तर झाडांखालीच असतं. बागेचा कुठला झोन, कुठल्या बाजूचा व्हॉल्व, एवढ्यापुरता फोन पुरतो. कुदळ नेमकी कुठे मारायची यासाठी पुरत नाही.

त्यासाठी आरटीके नावाची पद्धत आहे. जागा माहीत असलेल्या एका स्थिर केंद्राकडून उपग्रहांच्या संकेतांची चूक किती आहे ते सतत कळवलं जातं, आणि हातातलं यंत्र ती चूक वजा करतं. त्याने एकदोन सेंटिमीटरपर्यंत अचूकता मिळते, अर्थात वर आकाश मोकळं असेल तर.

दाट झाडीत जुनी, विनाखर्चाची रीत अजूनही चालते. व्हॉल्वच्या पेटीपासून दोन न हलणाऱ्या वस्तूंपर्यंतचं अंतर, समजा इमारतीचा कोपरा आणि दिव्याचा खांब, टेपने मोजायचं आणि नोंदीत लिहायचं. पुढच्या वेळी त्या दोन्ही ठिकाणांहून टेप ताणले की जिथे ते भेटतील तिथे पेटी. टेप दोन बाजूंना भेटू शकतात, म्हणून पेटी कुठल्या बाजूला आहे तेही लिहायचं. हे आकडे नकाशात घालायला काहीच अडचण नसते.

उपग्रहाच्या चित्रांवरून काम होईल का, असंही विचारलं जातं. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या सर्वांत स्पष्ट चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर लांब-रुंद असतो. मोठ्या मैदानाची हिरवळ कुठे सुकते आहे हे त्यात दिसेल. दोन मीटर रुंदीचा दुभाजक दिसणार नाही. त्याला ड्रोन लागेल, किंवा रोज तिथून जाणारा माळी.

‘सेन्सर बसवले की नकाशा कशाला?’

सेन्सर आकडा सांगतो, जागा सांगत नाही. कंट्रोलरच्या पडद्यावर ‘स्टेशन ७ : प्रवाह जास्त’ असं येतं. स्टेशन ७ बागेत कुठे आहे, हे नकाशाच सांगणार.

एक हिशोब करून बघू. समजा एका झोनमध्ये मिनिटाला १२ लिटर सोडणारे २० फवारे आहेत, म्हणजे मिनिटाला २४० लिटर अपेक्षित. मीटर ३०० दाखवतो. जास्तीचे ६० लिटर कुठे चालले आहेत? एखादा फवारा मुळापासून तुटला असेल किंवा पाइप फुटला असेल. आता उलट बघा, मीटर १८० दाखवतो. मग चाळणी तुंबली आहे, व्हॉल्व अर्धवट उघडतो आहे किंवा कुणीतरी काही फवारे बुजवले आहेत. दोन्ही निष्कर्षांसाठी २४० हा आकडा हवा, आणि तो झोनमधले फवारे मोजून नकाशात नोंदवल्याशिवाय येत नाही.

नकाशातून आपोआप मिळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे क्षेत्रफळ. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी हवं असेल आणि झोन १,००० चौरस मीटरचा असेल तर ५,००० लिटर लागतील, शिवाय वाऱ्याने उडणारं आणि नीट न पसरणारं थोडं धरायचं. ऊन, वारा, दमटपणा यांवरून रोजची गरज काढण्याचं सूत्र संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत दिलेलं आहे आणि ते जगभर वापरलं जातं. सूत्र आहे, हवामान आहे, मीटर आहे, पण झोन किती चौरस मीटरचा हेच ठाऊक नसेल तर पाणी जास्त जातंय की कमी, हे कुणीही सांगू शकणार नाही.

एक गोष्ट आरोग्याचीही

बागांना प्रक्रिया केलेलं सांडपाणी देणं ही चांगलीच गोष्ट आहे, पिण्याचं पाणी वाचतं. पण त्यामुळे एकाच फुटपाथखाली पिण्याच्या पाण्याचा पाइप आणि प्रक्रिया केलेल्या पाण्याचा पाइप शेजारी शेजारी येतात. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या पाइपांना त्यासाठी जांभळा रंग देतात. जुन्या पाइपांना रंग नसतो आणि मातीत माखलेला पाइप कुठला हे घाईत ओळखू येत नाही. घाईघाईने चुकीच्या पाइपाला जोड मारला गेला तर ते पाणी नळात येऊ शकतं. नकाशात या वाहिन्या वेगळ्या रंगात आणि वेगळ्या थरात असल्याच पाहिजेत, आणि दोन्ही एकमेकींना कुठे ओलांडतात त्या प्रत्येक जागी ठळक खूण हवी. बाकी सगळं हळूहळू करता येईल. हे टाळू नये.

‘आमच्या फिटरला सगळं पाठ आहे’

असतंच. वीस-पंचवीस वर्षं त्याच बागांत काम केलेल्या माणसाला कुठला व्हॉल्व अडकतो, कुठला जोड कच्चा आहे, कुठे रस्ता रुंद करताना पाइप वळवला, हे सगळं ठाऊक असतं. ते ज्ञान कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचं आहे. पण तो रजेवर जातो, त्याची बदली होते, तो निवृत्त होतो. ठेकेदार बदलला तर त्याच्याबरोबर सगळी माहितीच जाते.

त्यामुळे मॅपिंगची सुरुवात यंत्र घेऊन फिरण्यापासून होऊ नये. आधी त्या फिटरला सोबत घेऊन बागेतून चालावं, तो सांगेल ते नकाशावर टिपावं आणि नोंदीत त्याचं नाव लिहावं. आपली जागा कुणी घेईल म्हणून माणसं माहिती देताना हात आखडतात, ही भीती खरी असते. हे काम त्याच्या नावावर जमा होतं, ही त्याची कामगिरी धरली जाते, हे त्याला दिसलं पाहिजे. फोनचा वापर त्याच्या हालचालींवर पाळत ठेवायला होणार असेल तर तो नकाशा कधीच नीट भरणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

‘हे सगळं महागडं असणार’

सॉफ्टवेअर महाग असायलाच हवं असं नाही. क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर २००२ पासून विकसित होत आलं आहे, ते फुकट मिळतं. जागेवर जाऊन फोनवरून नोंदी भरण्यासाठी त्याच्याशी जुळणारं क्यूफील्ड आहे. खरा खर्च माणसांच्या वेळेचा आहे : चालणं, मोजणं, झाकणं उघडणं, नोंद करणं.

काम बाहेर द्यायचं असेल तर करारात एक गोष्ट बघावी. माहिती पालिकेच्या मालकीची आहे ना, आणि ती जिओपॅकेज या फाइल-प्रकारासारख्या खुल्या स्वरूपात पालिकेच्या हाती मिळणार ना? फक्त कंपनीच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बघता येणारा नकाशा करार संपला की हातचा जाऊ शकतो.

नकाशा शिळा होतो, त्याचं काय?

हा सर्वांत भक्कम आक्षेप आहे. मोठा गाजावाजा करून सर्वेक्षण होतं, सुंदर नकाशा तयार होतो आणि दोन पावसाळ्यांनंतर तो जमिनीशी जुळेनासा होतो. कारण दुरुस्त्या होतच राहतात आणि नकाशा कुणी बदलत नाही. मग एखाद्या दिवशी नकाशाप्रमाणे खोदूनही पाइप सापडत नाही. फिटरचा त्याच्यावरचा विश्वास उडतो तो कायमचा.

यावर एकच नियम मला कामाचा वाटतो : नकाशातली नोंद बदलल्याशिवाय दुरुस्तीची तक्रार ‘पूर्ण’ म्हणून बंद होता कामा नये. चर उघडा असतानाच फोटो, खोलीचं माप आणि दोन टेपची अंतरं. यात पाच मिनिटं जातात. चर बुजवल्यावर तीच माहिती मिळवायला पुन्हा खोदावं लागतं. ठेकेदाराचं बिलही याच नोंदीला जोडावं. आणि उघडा चर म्हणजे फुकटात मिळालेली संधी असते, त्या जागेची तुटक रेषा त्या दिवशी सलग होते.

या पद्धतीने गेलं तर सगळं शहर एकदम मोजायची गरज पडत नाही. आधी मुख्य वाहिन्या बंद करणारे व्हॉल्व आणि मीटर, कारण आणीबाणीत तेच लागतात. मग कंट्रोलर, झोनचे व्हॉल्व आणि वायरींचे जोड. मग झोनच्या सीमा. झोन सुरू करून कुठवर भिजतं ते बघत त्या आखता येतात, त्याला खोदावं लागत नाही. छोटे पाइप सर्वांत शेवटी, जसजसे उघडे पडतील तसतसे. आणि प्रत्येक झोनचा क्रमांक बागेतल्या एखाद्या पाटीवर लावून ठेवला तर तक्रार करणाऱ्या नागरिकालाही ‘मागच्या गेटजवळ पाणी साचतंय’ असं म्हणण्याऐवजी झोनचा क्रमांक सांगता येईल. मग डबक्याची आणि करपलेल्या हिरवळीची तक्रार एकाच क्रमांकाखाली येऊन पडेल, आणि एकच माणूस दोन्ही जागा बघायला जाईल.